पोर्शन पूर्ण!

2020-21 या शैक्षणिक वर्षाचा कुठल्याही महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल काढून बघा. बारामती-इंदापूर पट्ट्यातला काढा, नाहीतर आणखी कुठला. छान आर्ट पेपरवर छापलेला असेल, पहिल्या पानावर संस्थाचालकांचा फोटो असेल आणि चौथ्या-पाचव्या पानावर एक वाक्य हमखास भेटेल. महामारीच्या बिकट काळातही ऑनलाइन माध्यमातून अभ्यासक्रम शंभर टक्के पूर्ण करण्यात आला, अशा अर्थाचं. स्टाफरूमच्या भाषेत, पोर्शन पूर्ण!

एवढं यश जगात दुसरीकडे कुठे मिळाल्याचं ऐकिवात नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांनी मिळून 2012 साली 'एडएक्स' काढलं. पैसा होता, कॅमेरे होते, जगभर नावाजलेले प्राध्यापक होते आणि महामारी नव्हती. त्यांचा हिशेब 2019 च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन जण अभ्यासक्रम पुरा करत होते. तिकडे तीन, इकडे शंभर! हार्वर्डवाल्यांनी एकदा बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या कट्ट्यावर येऊन चहा प्यायला हवा होता.

फरक एवढाच, की तिकडे पोरांनी किती पूर्ण केलं ते मोजलं आणि इकडे मास्तरांनी किती पूर्ण केलं ते. महामारीतल्या ऑनलाइन शिक्षणाच्या दर्जावर जेवढी चर्चासत्रं झाली, त्यांत ही एक गोष्ट सोडून बाकी सगळं बोलून झालं. रेंज नव्हती, मोबाइल नव्हता, डेटा पुरत नव्हता, सगळं खरं. पण रेंज मिळाली असती तर काय पोचलं असतं? मागच्या पिढीच्या वहीतून या पिढीच्या वहीत उतरणाऱ्या त्याच नोट्स. फक्त आता त्या पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर आल्या होत्या, तेही तिरक्या काढलेल्या फोटोंच्या, एका पानावर सरांच्या अंगठ्यासकट.

तासाचं स्वरूप आठवतंय ना? झूमचं फुकटचं खातं चाळीस मिनिटांनी बंद पडायचं. पहिली दहा मिनिटं 'आवाज येतोय का?' मध्ये. पुढची पाच 'ज्यांनी माइक चालू ठेवलाय त्यांनी बंद करा' मध्ये, कारण कुणाच्या तरी घरी म्हैस हंबरत असायची. मग स्क्रीनवर स्लाइड यायची, सर ती वाचायचे. वाचून झाली की दुसरी. पस्तिसाव्या मिनिटाला गूगल फॉर्मची लिंक पडायची. ती हजेरी. फॉर्म भरला की मुलगा हजर; मग तो इंदापूरच्या बाजार समितीत डाळिंबाच्या क्रेट उतरवत असला तरी. आणि बरेचसे उतरवतच होते, त्यात त्यांचा दोष नाही. बारामतीच्या एमआयडीसीतून वडिलांचा पगार निम्मा होऊन आला होता किंवा आलाच नव्हता, तेव्हा मुलाने 'समष्टी अर्थशास्त्र' ऐकत बसावं ही अपेक्षा धरायला फक्त अभ्यास मंडळालाच जमतं.

घरातला संवाद साधारण असा चालायचा.

"काय सांगत्यात रं सर?"

"आवाज तुटतोय, आई."

"मग हां हां कशाला करतुयास?"

"सर विचारत्यात, समजलं का म्हणून."

दर्जावरचा यापेक्षा नेमका अहवाल कुठल्या समितीने दिलेला नाही.

बारामती आणि इंदापूर ही नावं वाचली की बाहेरच्या माणसाला विकासच दिसतो. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, साखर कारखाने, विद्यानगरीतल्या इमारती. पाहुण्यांना दाखवायची गावं आहेत आमची. पण त्या इमारतींत शिकणारी निम्मी पोरं इमारतीभोवती राहत नाहीत. सुप्याकडच्या जिरायती गावांतून, मोरगावकडून, पळसदेवकडून, निमगाव केतकीहून, शेजारच्या दौंड, फलटण, माळशिरसातून ती एसटीच्या पासावर येतात. 2020 च्या मार्चमध्ये एसटी थांबली आणि मुलं जिथून आली होती तिथे, म्हणजे वस्तीवर, परत गेली. वस्ती हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी जरा फोडून सांगायला हवा. गावठाण वेगळं, वस्ती वेगळी. वस्ती रानात असते, आणि बऱ्याच वस्त्यांची वीज शेतीपंपाच्या फीडरवरची असते. त्या फीडरला दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास, असा तेव्हा पाळीने पुरवठा. उरलेल्या वेळात मिळालं तर सिंगल फेजवर एखादा दिवा. विद्यापीठाने वेळापत्रक काढलं, महावितरणने आपलं काढलं. दोन वेळापत्रकं एका टेबलावर ठेवून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

आकडे हाताशी नव्हते असंही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीने 2017-18 मध्येच सांगून ठेवलं होतं, की देशातल्या ग्रामीण घरांपैकी 4.4 टक्के घरांत संगणक आहे आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वस्त डेटामुळे मोबाइल वाढले, मान्य. पण घरात एक मोबाइल वाढला म्हणजे तीन भावंडांना तीन वर्ग मिळाले असं होत नाही. तो मोबाइल सकाळी वडिलांच्या खिशातून डेअरीवर जायचा, दुपारी धाकट्याच्या शाळेसाठी लागायचा, आणि थोरलीची पाळी यायची तेव्हा दिवसाचा दीड जीबी संपलेला असायचा. थोरलीची पाळी नेहमीच शेवटी. त्या दोन उन्हाळ्यांत मोजक्या माणसांत, कमी खर्चात लग्नं उरकत होती, आणि ऑनलाइन तासाला न दिसणाऱ्या मुलींतल्या काही जणी तेव्हा रेंजच्या नव्हे, घराच्याच बाहेर गेल्या होत्या. त्यांची हजेरीही कुणीतरी मैत्रिणीने भरली असेल. रकाना रिकामा राहिला नाही.

सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यात, पशुवैद्यक शिकणाऱ्या एका मुलीने डोंगरावर रेंज सापडेल तिथे झोपडी बांधून घेतली आणि भर पावसाळ्यात तिथे बसून मुंबईचे तास ऐकले. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीला सलाम ठोकला. सलाम करायला हरकत नाही. पण मुलीने झोपडी बांधावी लागणं ही बातमी जिद्दीच्या सदरात छापली, की ती व्यवस्थेच्या सदरात छापायची गरज उरत नाही. ही सोय वर्तमानपत्रांना आणि मंत्रालयाला सारखीच आवडते.

प्राध्यापक या काळात रिकामे बसले होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते वेबिनार करत होते. 2020 च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्रात साथी दोन होत्या, एक कोरोनाची आणि दुसरी राष्ट्रीय वेबिनारची. वक्ता नागपूरचा असला की राष्ट्रीय, आणि त्याचा भाचा दुबईहून जोडला गेला की आंतरराष्ट्रीय. शेवटी गूगल फॉर्म, फॉर्मनंतर ई-प्रमाणपत्र. त्याच्या जोडीला 'कोरोना जनजागृती प्रश्नमंजुषा': हात किती सेकंद धुवावेत, चार पर्याय. चाळीस टक्के पडले की प्रमाणपत्र ई-मेलवर. लोकांनी स्वतःची, बायकोची, सासऱ्यांची प्रमाणपत्रं काढून स्टेटसला लावली. इकडे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं मानधन महिनोन्‌महिने रखडलं होतं. कॉलेज बंद म्हणून तास नाही आणि तास नाही म्हणून पैसे नाहीत. त्यांच्यातले कितीतरी जण भाजी विकत होते, रानात राबत होते. प्रमाणपत्र मात्र त्यांनाही मिळालं.

आता परीक्षा. इथे जरा थांबू, कारण खरी करमणूक इथे आहे.

महाराष्ट्र सरकार म्हणालं, अंतिम वर्षाची परीक्षा नको, सरासरीने पदवी देऊ. विद्यापीठ अनुदान आयोग 6 जुलै 2020 ला म्हणाला, परीक्षा घ्यावीच लागेल. राज्यपाल भगतसिंह कोश्यारीही म्हणाले, घ्या. युवासेना सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 ऑगस्टला न्यायालयाने सांगितलं, की परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवी देता येणार नाही. हवी तर मुदत वाढवून मागा. एवढा घटनात्मक पेच आपल्याकडे सरकार पाडतानाही पडत नाही. केंद्राचे अधिकार, राज्याचे अधिकार, आपत्ती व्यवस्थापन कायदा, सगळ्यांवर खल झाला. पोरांना काय येतं, यावर कुणी वकील दिला नव्हता.

मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची परीक्षा 12 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाली. विद्यार्थी अडीच लाखांच्या घरात. स्वरूप काय? बहुपर्यायी प्रश्न, पन्नास गुण, एक तास. तीन वर्षं दहा-दहा ओळींची उत्तरं लिहिण्याची सवय लावलेल्या मुलाला पदवीच्या दारात सांगितलं, की आता लिहू नकोस, गोल निवड. लॉगिन होईना, पानं उघडेनात, हेल्पलाइन लागेना. आणि तिसऱ्या दिवशी, 14 ऑक्टोबरला, आभाळ फाटलं. इंदापूर-बारामतीला त्या दिवसाची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. ओढे घरांत शिरले, उभा ऊस आडवा झाला, पुणे-सोलापूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली. अशा वेळी घरातली एकमेव चार्ज असलेली वस्तू, म्हणजे मोबाइल, परीक्षेसाठी राखून ठेवायचा की चुलत्याला 'जनावरं सोडली का?' म्हणून फोन करायला, हा प्रश्न बहुपर्यायी नव्हता. ज्यांचा पेपर तांत्रिक अडचणींमुळे हुकला त्यांना विद्यापीठाने नंतर पुन्हा संधी दिली, हे नोंदवायला हवं. पूर हीसुद्धा तांत्रिक अडचण, असं समजायचं.

पुढच्या फेरीला, 2021 मध्ये, विद्यापीठ शहाणं झालं. परीक्षा 'प्रॉक्टर्ड' झाली. म्हणजे मोबाइलचा कॅमेरा मुलाच्या तोंडाकडे बघणार, मान वळली की इशारा देणार. मान सरळ ठेवून समोरच्या भिंतीवर टेकवलेल्या दुसऱ्या मोबाइलवरचा टेलिग्राम ग्रुप वाचता येतो, हे त्या कॅमेऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. पोरांनी आठवड्याभरात शिकून घेतलं. महामारीत स्वयंअध्ययन झालं नाही, असं कोण म्हणतो?

निकाल लागले आणि गावोगाव पेढे वाटले गेले. ज्यांच्या केट्या, म्हणजे राहिलेले विषय, द्वितीय वर्षापासून अंगाला चिकटल्या होत्या ते एका तासात ऑल क्लिअर झाले. पेढे खाणाऱ्यांतही दोन तट होते. एक म्हणायचा, सुटलो. दुसरा, जो खरंच अभ्यास करणारा होता, तो गप्प असायचा. कारण त्याला कळलं होतं, की आपल्या ऐंशी टक्क्यांचा भाव शेजारच्याच्या ऐंशी टक्क्यांनी पाडलाय.

भाव पडल्याची पावती तर आधीच मिळू लागली होती. 2020 च्या जुलैतच अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखालच्या महाविद्यालयांतल्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-19' असा शेरा छापून आला होता. ओरड झाली, कृषिमंत्री दादा भुसे यांनी दखल घेतली, शेरा काढायचं ठरलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2021 मध्ये, एका मोठ्या खासगी बँकेच्या मदुराईतल्या भरतीच्या जाहिरातीत '2021 साली उत्तीर्ण झालेले अपात्र' असं छापलं गेलं. बँकेने ती छपाईची चूक असल्याचं सांगून जाहिरात दुरुस्त केली. दोन्ही ठिकाणी कागद दुरुस्त झाले. आपली यंत्रणा कागद दुरुस्त करण्यात अत्यंत तत्पर आहे, त्याबद्दल दुमत नाही.

आमच्या भागात कुठलीही गोष्ट उसाशिवाय समजत नाही, म्हणून एकदाच उसावर येतो. 2020-21 च्या हंगामात केंद्राने एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती टनाला 2850 रुपये, आणि ती 10 टक्के साखर उताऱ्याला. उतारा त्याच्या वर गेला की प्रत्येक दशांशाला जादा पैसे. म्हणजे कारखान्यात नुसता ऊस येऊन पडला, गव्हाणीत गेला, चरक फिरला, याला किंमत नाही. रसातून साखर किती निघाली ते दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरं मोजावं लागतं. काटा मारला तर शेतकरी मोर्चा काढतो, उतारा कमी दाखवला तर वार्षिक सभेत माइक हिसकावतो. तोच शेतकरी पोराच्या कॉलेजला मात्र कधी विचारत नाही, की तीन वर्षं चरक फिरला तो दिसला, उतारा किती पडला? आता तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली आहे. कुठल्या सरीत ओल किती, कुठे खत कमी, सगळं मोबाइलवर येतं. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी 2025 च्या जानेवारीत त्याचं कौतुक जगाला सांगितलं. उसाच्या एका कांडीबद्दल आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं 2021 साली बी.एस्सी. झालेल्या मुलाबद्दल ठाऊक असतं, तर हा लेख लिहावा लागला नसता.

त्या बी.एस्सी.वाल्याचंच बघा. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ब्युरेटची तोटी अशी फिरवावी लागते, की थेंब पडावा, धार लागू नये. फिनॉल्फ्थॅलीन टाकलेलं पाणी पुसट गुलाबी झालं की थांबायचं, गडद झालं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. ही गोष्ट बोटांना कळावी लागते, आणि कळायला दहा-वीस वेळा चुकावं लागतं. आमच्या मुलाने ती यूट्यूबवर पाहिली. व्हिडिओतला माणूस चुकला नाही, त्यामुळे मुलगाही चुकला नाही. वाचन मित्राने व्हॉट्सॲपवर टाकलं, जर्नल पूर्ण झालं, एक्सटर्नलनी व्हिडिओ कॉलवर व्हायवा घेतला, प्रात्यक्षिकाचे गुण लेखीपेक्षा जास्त. अभियांत्रिकीच्या पोराने लेथ मशीन स्क्रीनवर फिरवलं. औषधनिर्माणशास्त्राच्या मुलीने गोळ्या कागदावर बनवल्या. त्या गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या नाहीत, एवढंच समाधान.

आणि नेमक्या याच काळात, याच मातीत, एक प्रकार व्यवस्थित चालला होता. त्याच्याबद्दल कुणी वेबिनार घेतला नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' असतो. एरवी मुलांना गट करून एखाद्या गावात पाठवतात. महामारीत त्यांना सांगण्यात आलं, आपापल्याच गावात करा. तालुका पानांवर रोज फोटो यायचे: कृषिदूतांनी केलं शेतकऱ्यांना मार्गदर्शन, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातात फलक. फोटोंची हौस सोडून द्या. पण त्या मुलांनी चुलत्याच्या बांधावर उभं राहून बीजप्रक्रिया केली, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवलं, निंबोळी अर्क काढला, डाळिंबावर फवारायला एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण तयार केलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे पुस्तकातही आहे. पण मिश्रणात लोखंडी सळई बुडवून बघायची, तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, ही गोष्ट तुम्ही करून चुकता आणि शेजारी उभा असलेला तात्या म्हणतो, "बाळा, माझ्या बागेवर मारू नगंस हां हे." तेव्हा ती जन्मभर लक्षात राहते. त्या तात्यापेक्षा कडक एक्सटर्नल कुठल्या विद्यापीठाने नेमलेला नाही.

मग हे इतर विषयांना का नाही सुचलं? वाणिज्यच्या मुलांना गावच्या दूध संस्थेचं, विकास सोसायटीचं खातं वाचायला बसवता आलं असतं. भूगोलाच्या मुलांच्या अंगणापर्यंत तर उजनी धरणाचं पाणी आलेलं. वर्षभर पाणीपातळी नोंदवली असती तरी प्रबंध झाला असता. समाजशास्त्राच्या मुलांसमोर शहरांतून परतलेली अख्खी माणसं बसून होती. पण अभ्यासक्रमात तसं नव्हतं, आणि अभ्यासक्रमात नसलेलं शिकवणं हा आपल्याकडे अभ्यासक्रमातलं न शिकवण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे.

अनुभव नव्हता, ही सबबही टिकत नाही. दूरशिक्षणाचा या देशात जेवढा अनुभव महाराष्ट्राला आहे तेवढा थोड्यांनाच असेल. 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' लागत होता आणि पुणे विद्यापीठाचं माध्यम केंद्र त्यासाठी कार्यक्रम तयार करत होतं. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचेच कुलगुरू होते. शिक्षक समोर नसताना पुस्तक कसं लिहायचं, दर दोन पानांनी प्रश्न का विचारायचा, रविवारच्या संपर्क सत्रात काय करायचं आणि काय नाही, हे मुक्त विद्यापीठाने तीस वर्षं घासून बसवलं होतं. त्याची अभ्यासकेंद्रं आपल्याच महाविद्यालयांच्या आवारात, रविवारी उघडणाऱ्या खोलीत होती. मार्च 2020 मध्ये त्या खोलीत जाऊन 'तुम्ही हे कसं करता?' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण ती खोली म्हणजे नापास झालेल्यांची, नोकरदारांची, गृहिणींची. रेग्युलरवाल्यांनी तिथे जाऊन काय शिकायचं?

अमेरिकेतल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी त्याच मार्च महिन्यात लेख लिहून बजावलं होतं, की आणीबाणीत घाईघाईने स्क्रीनवर ढकललेल्या तासांना ऑनलाइन शिक्षण म्हणू नका; ती दोन निराळी कामं आहेत, एकाच्या अपयशावरून दुसऱ्याला नावं ठेवाल. आपल्याकडे उलटं झालं. एकाच्या अपयशाला दुसऱ्याचं नाव देऊन यशात जमा केलं.

2021 मध्ये सरकारने जिमखाना, ग्रंथालय वगैरे शुल्कांत काही सूट जाहीर केली. न वापरलेल्या मैदानाचे पैसे माफ. न झालेल्या शिकवण्याचे पैसे माफ करायचे, तर आधी ते झालं नाही हे लिहून द्यावं लागलं असतं.

मग 2022 चा उन्हाळा आला, परीक्षा पुन्हा वर्गात बसून लेखी घ्यायचं ठरलं आणि मुलं रस्त्यावर उतरली. ऑनलाइन शिकवलंत, ऑनलाइनच परीक्षा घ्या! त्यांना आळशी ठरवणं सोपं होतं आणि सगळ्यांनी ते ठरवलं. पण ऐकणाऱ्याला ती कबुली होती: आम्हाला लिहिता येत नाही हो आता. सरकारने यावर तोडगा काढला. प्रश्नसंच द्या, पेपरांमध्ये अंतर ठेवा आणि लिहायला तासाला 15 मिनिटं जादा द्या. दोन वर्षांच्या उच्च शिक्षणाच्या नुकसानीचा या राज्यात झालेला एकमेव अधिकृत पंचनामा तो हाच: तासाला पंधरा मिनिटं. पिकाच्या पंचनाम्याला निदान तलाठी बांधावर तरी येतो.

झालं गेलं म्हणून हे सोडूनही दिलं असतं. पण साथ गेली तरी तिची सवय गेलेली नाही. ऐन महामारीत, 29 जुलै 2020 ला, नवीन शैक्षणिक धोरण मंजूर झालं. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम काढला, की एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरून करू शकतो. 2022 मध्ये ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची ठरली. 2024-25 पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही पदवीला नवं धोरण लागू झालं. तत्त्वतः यातलं काहीच वाईट नाही. आयआयटीतला उत्तम प्राध्यापक लासुर्ण्याच्या मुलीला घरबसल्या ऐकायला मिळणार असेल, तर मी स्वतः तिला हेडफोन घेऊन देईन. पण प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत, आणि रिकाम्या खुर्चीवर 'स्वयम्'चा दुवा ठेवून द्यायचा, हा बेत असेल तर तो आताच ओळखलेला बरा. त्या दुव्यालाही गूगल फॉर्म जोडलेला असेल, आणि पुढच्या अहवालातही आकडा शंभर टक्केच असेल.

तेव्हा या जूनमध्ये प्रवेश घ्यायला जाल तेव्हा इमारत बघू नका, ती चांगलीच आहे. खिडकीवर, प्राचार्यांकडे, जमलं तर संस्थेच्या वार्षिक सभेत, तीनच गोष्टी विचारा. माझ्या मुलाने या विषयातलं स्वतःच्या हाताने काय काय करायचं आहे? ते करताना त्याच्याजवळ कोण उभं असणार आहे, आणि त्या माणसाला दरमहा पगार मिळतो का? आणि 2021-22 मध्ये इथून पास झालेला मुलगा प्रयोगशाळेत येऊन राहिलेली प्रात्यक्षिकं करतो म्हणाला, तर त्याला आत घेणार का? तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी मागा, सही-शिक्क्यानिशी. कागद दुरुस्त करण्यात आपली यंत्रणा तत्पर आहेच. एखादा नवा लिहायलाही लावा.